वाचकांचे प्रश्न : प्रोसेसर रचणारे आणि चिप तपासणारे

‘चिप-संशोधनातील आयुष्य’ या विषयावर या सदरासाठी प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रे सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आली, आणि त्यांतील बरीचशी एकाच शंकेभोवती फिरत होती. त्यांतून पाच प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत. उत्तरे लिहिणारे संशोधक साखर पेठेत वाढले, प्रोसेसरची रचना आणि चाचणी या क्षेत्रात त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षे काम केले आणि आता ते सोलापुरातच राहतात.

प्रश्न : मी सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात शिकते. मला प्रोसेसरच्या रचनेत संशोधन करायचे आहे. परंतु ज्या मार्गदर्शकांशी माझे बोलणे झाले त्यांच्याकडे चिपच्या चाचणीचा विषय आहे. मैत्रिणी म्हणतात की रचना हे डोक्याचे काम आणि चाचणी हे तपासनिसाचे. बनवून झालेली वस्तू तपासण्यात संशोधन करण्यासारखे काय असते, हे कृपया सांगावे.
— एक विद्यार्थिनी, अशोक चौक, सोलापूर

तुमच्या मैत्रिणींचा समज मला अपरिचित नाही. पदव्युत्तर शिक्षण पूर्ण होईपर्यंत मी स्वतः तोच बाळगून होतो. तो कसा गळून पडला हे सांगण्याआधी एक हिशेब मांडतो.

दोन ३२-बिटी, म्हणजे ० किंवा १ असे ३२ अंक असलेल्या, संख्यांची बेरीज करणारे साधे मंडल (सर्किट) घ्या. त्याला देता येतील अशा संख्यांच्या जोड्या २ चा ६४ वा घात इतक्या होतात, म्हणजे १८ या आकड्यावर आणखी १८ शून्ये, आणि वर थोड्या अधिकच. दर सेकंदाला १०० कोटी जोड्या देऊन प्रत्येक उत्तर तपासत गेलो, तरी सगळ्या जोड्या संपायला सुमारे ५८५ वर्षे लागतील. सोलापुरावर बहमनी सुलतानांची सत्ता असताना कोणी हे काम हाती घेतले असते, तर ते आत्ता कुठे संपत आले असते. कारखान्यात मात्र एका अख्ख्या चिपच्या वाट्याला चाचणीचे काही सेकंद येतात, आणि बेरजेचे मंडल हा तिच्या पोटातला एक लहानसा कोपरा असतो.

आता शाळेतली हातच्याची बेरीज आठवा. बेरजेच्या मंडलात प्रत्येक स्थानासाठी एक घर असते. त्या घरात वरच्या संख्येचा एक बिट, खालच्या संख्येचा एक बिट आणि मागच्या घराकडून आलेला हातचा अशा तीनच गोष्टी येतात. तिन्ही ० किंवा १ असल्यामुळे एका घराला भेटू शकणाऱ्या परिस्थिती ८ होतात. या ८ पैकी ६ परिस्थितींत घरात जेवढा हातचा आला तेवढाच पुढे जातो; त्यामुळे त्या प्रत्येक परिस्थितीसाठी सर्व ३२ घरांना एकाच वेळी सारखीच बेरीज देता येते. उरलेल्या दोनांत, म्हणजे हातचा नसताना १ आणि १ मिळवले तर, आणि हातचा असताना ० आणि ० मिळवले तर, हातचा उलटतो. तेव्हा या दोन परिस्थिती एकाआड एक घरांत मांडायच्या आणि पुढच्या वेळी त्यांची अदलाबदल करायची. अशा रीतीने एकूण ८ बेरजांत प्रत्येक घराने आपल्या वाट्याची प्रत्येक परिस्थिती पाहिलेली असते. एका वेळी एकच घर बिघडलेले आहे एवढे गृहीत धरले, तर ५८५ वर्षांचे काम ८ बेरजांत उरकते, आणि मंडल ३२-बिटी असो वा ६४-बिटी, आठाच्या नऊ होत नाहीत.

पदव्युत्तर वर्गात हे गणित फळ्यावर पाहिले तेव्हा माझा समज गेला. सगळे तपासणे अशक्य आहे हे मान्य करून, काय तपासले म्हणजे पुरेल हे सिद्ध करून दाखवणे हा या संशोधनाचा गाभा आहे, आणि त्यासाठी आतली रचना रचनाकाराइतकीच जाणावी लागते.

तुमच्या पत्त्यावरून तुम्हाला मागाचा आवाज परिचित असणार, म्हणून पुढचे मागाच्या भाषेत सांगतो. जॅकार्डवर चादर विणताना पंचकार्डाला छिद्र असले की हूक वर जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे धागे उचलले जातात; छिद्र नसले की ते खाली राहतात. समजा, एक हूक वरच अडकून बसला. नक्षीत त्या जागी धागा वरच हवा असेल, तर कापड निर्दोष दिसते. जिथे तो खाली जायला हवा होता तिथेच दोष उघडा पडतो. चिपमधल्या तारेचेही तसेच आहे. उत्पादनात धुळीचा कण पडला किंवा जोडणी तुटली, तर पुष्कळदा ती तार कायमची ० वर किंवा कायमची १ वर अडकल्यासारखी वागते. हे सोपे प्रतिमान एल्ड्रेड यांच्या १९५९ च्या लेखापासून वापरात आहे आणि साठ वर्षांहून अधिक काळ त्याच्यावर या क्षेत्राचा संसार चालला आहे. मात्र एक फरक फार मोठा आहे. कापड उलगडून पाहता येते. चिपचे फक्त काठ दिसतात. आत अब्जावधी ट्रान्झिस्टर आणि बाहेर काही शे किंवा काही हजार जोडबिंदू, अशी स्थिती असते. म्हणून दोष जागा करणे हे अर्धेच काम होय. त्या दोषाचा परिणाम मधल्या शेकडो गेटांतून (० आणि १ वर एकेक साधी क्रिया करणाऱ्या घटकांतून) वाट काढत काठापर्यंत पोहोचवावा लागतो, आणि वाटेतले एखादे गेट तो परिणाम गिळूनही टाकते.

ही वाट शोधण्याची शिस्तबद्ध पद्धत आयबीएममधील जे. पॉल रॉथ यांनी १९६६ साली दिली. १९७५ साली ऑस्कर इबारा आणि सरताज साहनी यांनी (साहनींचा जन्म पुण्याचा) हा प्रश्न मुळातच अवघड प्रश्नांच्या त्या कुप्रसिद्ध वर्गातला आहे, म्हणजे कोणत्याही मंडलाला लागू पडेल अशी झटपट रीत मिळण्याची आशा बाळगू नये, हे दाखवून दिले. प्रश्न अवघड ठरला म्हणून कोणी हात वर केले नाहीत. आयआयटी कानपूरचे पदवीधर प्रभू गोयल त्या काळी आयबीएममध्ये होते. रॉथ यांची पद्धत विशिष्ट प्रकारच्या मंडलांत, विशेषतः चुका शोधून दुरुस्त करणाऱ्या मंडलांत, अडकून पडत होती. आतल्या प्रत्येक तारेबद्दल निर्णय घेत बसण्याऐवजी निर्णय फक्त बाहेरच्या प्रवेशबिंदूंवर घ्यायचा आणि परिणाम आतवर मोजत जायचा, हा गोयल यांचा विचार ‘पोडेम’ या नावाने १९८१ साली प्रसिद्ध झाला आणि अडलेली मंडले सुटू लागली. पुढे त्यांनी स्थापन केलेल्या गेटवे या कंपनीत फिल मूरबी यांनी व्हेरिलॉग ही भाषा घडवली. तुम्ही प्रयोगशाळेत ज्या भाषेत रचना लिहिता ती भाषा चाचणीचे संशोधन करून बाहेर पडलेल्या माणसाच्या कंपनीत जन्मली, हे तुमच्या मैत्रिणींना अवश्य सांगा.

रचना आणि चाचणी यांच्यातली भिंत त्याआधीच पडू लागली होती. प्रोसेसरमध्ये लाखो फ्लिप-फ्लॉप असतात आणि ते आतली स्थिती लक्षात ठेवतात; ती स्थिती बाहेरून हवी तशी करणे जवळजवळ अशक्य असते. त्यावर उपाय असा की चाचणीच्या वेळी हे सगळे फ्लिप-फ्लॉप एका साखळीत ओवायचे, एका टोकाने हवे ते बिट आत सरकवायचे, एक ठोका खऱ्या कामाचा द्यायचा आणि दुसऱ्या टोकाने उत्तर बाहेर ओढायचे. यालाच स्कॅन म्हणतात. आयबीएमच्या आयकेलबर्गर आणि विल्यम्स यांनी १९७७ साली त्याचे पक्के नियम मांडले. यासाठी थोडी अधिक जागा आणि थोडा वेग खर्ची पडतो, आणि रचनाकारांना तो खर्च नेहमी डोळ्यांत खुपतो.

याचा एक धडा मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मिळाला. आमच्या गटाने वेग वाचवण्यासाठी गुणाकाराच्या भागातले काही फ्लिप-फ्लॉप साखळीतून वगळले. तो आग्रह धरणाऱ्यांत मीही होतो. बनवलेल्या चिपा परत आल्या, त्यांतल्या काही गरम झाल्यावर चुकू लागल्या, आणि चूक नेमकी त्या वगळलेल्या भागात होती. आत डोकावायला खिडकीच ठेवलेली नसल्यामुळे दोषाची जागा सापडायला साडेतीन महिने गेले. जागा सापडल्यावर दुरुस्तीला आठवडाही लागला नाही.

आता ‘जवळजवळ सगळे तपासले’ याची किंमत पाहा. विल्यम्स आणि ब्राउन यांचे १९८१ चे एक छोटे सूत्र आहे. कारखान्यातून निघालेल्या चिपांपैकी निम्म्या निर्दोष असतील आणि चाचणी संभाव्य दोषांपैकी ९५ टक्के दोष पकडत असेल, तर उत्तीर्ण होऊन ग्राहकाकडे जाणाऱ्या दर १,००० चिपांमध्ये सुमारे ३४ सदोष असतात. हेच प्रमाण ९९.९ टक्क्यांवर नेले, तर दर १०,००० मध्ये सुमारे ७ उरतात. मोटारीच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या चिपसाठी हे ७ सुद्धा फार झाले. शेवटच्या त्या दशांश टक्क्यासाठी माणसे आयुष्य घालवतात.

आज उघडे असलेले प्रश्न अनेक आहेत. मला सर्वांत रोचक वाटणारा एकच सांगतो. साखळीतून बिट सरकवताना एकाच वेळी इतके फ्लिप-फ्लॉप उलटसुलट होतात, की चिप नेहमीच्या कामात कधीच घेत नाही इतकी वीज चाचणीत ओढते; आतला विद्युतदाब क्षणभर खचतो, आणि चांगली चिप नापास होते. म्हणजे परीक्षाच इतकी कठोर झाली की हुशार मूल घेरी येऊन पडले. कमी वीज खाणाऱ्या आणि तरीही दोष न सोडणाऱ्या चाचण्या कशा घडवाव्यात, यावर चांगले काम होते आहे आणि अजून पुष्कळ व्हायचे आहे.

मार्गदर्शक चांगले असतील तर विषय स्वीकारा. मात्र एक अट घाला: संशोधनाच्या काळात किमान एक मंडल तुम्ही स्वतः रचाल आणि त्याचीच चाचणी स्वतः घडवाल. केवळ दुसऱ्यांच्या मंडलांवर प्रयोग करून पदवी मिळते. हात मात्र कच्चा राहतो.

प्रश्न : मी विज्ञानाची शिक्षिका आहे. चिपची चाचणी एवढी काटेकोर असते, तर १९९४ साली इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमधली भागाकाराची चूक बाजारात जाईपर्यंत कशी कळली नाही? आणि आजच्या प्रोसेसरवर आपण डोळे झाकून विश्वास ठेवावा का?
— एक शिक्षिका, बार्शी

बाई, आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. कारखान्यातली चाचणी फक्त एवढेच विचारते की ही चिप रचनेबरहुकूम बनली आहे की नाही. रचनाच चुकली असेल, तर प्रत्येक चिप ती चूक प्रामाणिकपणे वागवते आणि चाचणीत पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होते. मागावर धागा तुटला तर एक चादर बिघडते. कार्डाला छिद्रच चुकीच्या जागी पडले तर सगळ्या चादरी सारख्याच बिघडतात आणि कारागिराचा त्यात काही दोष नसतो. रचनेतली चूक शोधण्याच्या कामाला पडताळणी म्हणतात आणि ती चिप बनण्याच्या आधी व्हावी लागते.

पेंटियममध्ये भागाकार वेगाने करण्यासाठी १,०६६ मूल्यांचा एक तक्ता चिपमध्येच कोरलेला होता. तो चिपवर उतरवताना काही जागा रिकाम्या राहिल्या, आणि त्यांतल्या ५ जागांमुळे क्वचित प्रसंगी उत्तर चुकत असे. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले तर १.३३३८२ यायला हवे. ती चिप १.३३३७४ देई. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग कॉलेजात गणित शिकवणारे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत होते; नव्या यंत्रावरची उत्तरे जुन्या यंत्राशी जुळेनात, म्हणून त्यांनी महिनोन्‌महिने एकेक कारण बाजूला सारत दोष प्रोसेसरपर्यंत नेऊन भिडवला आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये इतरांना कळवले. सामान्य वापरकर्त्याला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, असा कंपनीचा हिशेब होता. लोकांना तो पटला नाही. २० डिसेंबर १९९४ रोजी कंपनीने मागेल त्याला चिप बदलून देण्याचे जाहीर केले आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसला.

एका बाबतीत मात्र हा खर्च कारणी लागला. निवडक उदाहरणे चालवून पाहण्याऐवजी मंडल योग्य आहे हे गणिती सिद्धतेने दाखवावे, असे म्हणणाऱ्या संशोधकांना तोवर कारखान्यांत फारसे कोणी विचारत नसे. १९९५ साली एएमडीच्या के५ या प्रोसेसरच्या भागाकाराची सिद्धता संगणकाच्या साहाय्याने करण्यात आली, आणि आकडेमोडीच्या भागांसाठी अशी सिद्धता हळूहळू नित्याची झाली. भूमितीतल्या प्रमेयांचा पुढे काय उपयोग, असे विद्यार्थ्यांनी विचारले तर हे उदाहरण देता येईल.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक अस्वस्थ करणारे आहे. रचना बरोबर, कारखान्यातली चाचणी उत्तीर्ण, आणि तरीही काही प्रोसेसर अधूनमधून चुकीचे उत्तर देतात आणि तशी कोणतीही सूचना देत नाहीत, हे २०२१ साली गूगल आणि फेसबुक या दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. गूगलच्या नोंदीनुसार काही हजार यंत्रांमागे अशा लहरी गाभ्यांची (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणनाभागांची) मोजकी उदाहरणे सापडतात. विशिष्ट तापमान, विशिष्ट विद्युतदाब आणि विशिष्ट आकडे एकत्र आले तरच चूक होते, म्हणून ती पकडणे जिकिरीचे असते. आपल्या घरच्या संगणकासाठी चिंता करण्याचे कारण नाही. लाखो यंत्रे जिथे अहोरात्र चालतात तिथे मात्र ‘क्वचित’ या शब्दाचा अर्थ ‘रोज’ असा होतो. चाचणी कारखान्याच्या दाराशी संपते ही आमच्या पिढीची समजूत यामुळे मोडीत निघाली आहे.

प्रश्न : माझा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे. मुलगा एम.टेक. झाला असून प्रोसेसरवर पीएच.डी. करायची म्हणतो. अजून पाच वर्षे शिकणार म्हणजे तिशी गाठणार. त्याच्या सोबतचे नोकरीला लागून घरे घेत आहेत. बापाने काय करावे?
— एक कारखानदार, अक्कलकोट रोड

आपली काळजी रास्त आहे, आणि तिला तत्त्वज्ञानाने उत्तर देणे मला बरे वाटत नाही, आकडेच देतो. जानेवारी २०२३ पासूनच्या केंद्र सरकारच्या दरांनुसार संशोधन शिष्यवृत्ती पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये आहे. वसतिगृह मिळाले नाही तर घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. यात संसार थाटता येत नाही, पण घराकडून पैसे मागवावे लागत नाहीत. पूर्वीच्या पिढीत हीच रक्कम महिनोन्‌महिने रखडत असे. आजही ती कधी वेळेवर येत नाही, तेव्हा सहा महिन्यांची शिल्लक त्याच्याजवळ असू द्या.

पाच वर्षे हा अंदाज बरोबर आहे, साडेपाचही लागतात. कारण चिपच्या संशोधनात एक चिप प्रत्यक्ष बनवून आणायची ठरली, तर नकाशा कारखान्याकडे गेल्यापासून ती हातात पडेपर्यंतच कित्येक महिने जातात, आणि ती चुकली तर तेवढेच महिने पुन्हा.

पुढे काय, हा खरा प्रश्न. रचना, पडताळणी आणि चाचणी या तिन्ही कामांची मोठी केंद्रे बंगळुरू, हैदराबाद, नोएडा आणि पुणे येथे आहेत, आणि तिथे साध्या नोकऱ्यांसाठी पीएच.डी. लागत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. नुसत्या पगारासाठी मुलगा ही पाच वर्षे देत असेल, तर त्याला आत्ताच नोकरी करू द्या. व्यवहारात तेच शहाणपणाचे. परंतु नव्या प्रोसेसरची आखणी करणाऱ्या गटात बसायचे असेल, किंवा आयआयटी मद्रासचा शक्ती, आयआयटी मुंबईचा अजित, सी-डॅकचा वेगा अशा देशी प्रोसेसरांच्या कामात हात घालायचा असेल, तर ही पदवी उपयोगाची ठरते. इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी घडवलेला विक्रम ३२०१ हा ३२-बिटी प्रोसेसर मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत बनला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सादर झाला. अशा कामांना माणसे कमी पडतात, हे मी गेली काही वर्षे जवळून पाहतो आहे.

आपण एवढेच करा: त्याला विचारा की त्याने निवडलेल्या मार्गदर्शकांचे मागचे चार विद्यार्थी आज कुठे आहेत. त्याला हे सांगता आले नाही, तर त्याने अजून चौकशी केलेली नाही असे समजा आणि त्याला एकदा तिथे जाऊन त्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष भेटून यायला सांगा. माझ्या वडिलांनी मला हाच प्रश्न विचारला होता. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत, धंदा मागाची कार्डे पाडण्याचा; पण सूत घेताना ते आधीच्या गिऱ्हाइकाकडे चौकशी केल्याशिवाय गाठ सोडत नसत.

प्रश्न : सोलापुरात चिपचा कारखाना येऊ शकेल काय?
— एक वाचक, जुळे सोलापूर

सिलिकॉनच्या चकत्यांवर चिपा छापण्याचा कारखाना नजीकच्या काळात येईल असे मला वाटत नाही. त्याला अतिशुद्ध पाणी अखंड लागते, वीज क्षणभरही जाऊन चालत नाही, आणि भांडवल हजारो कोटींत मोजावे लागते. धोलेरा येथील टाटांच्या प्रकल्पाचा जाहीर आकडाच ९१,००० कोटी रुपये आहे. आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे पत्रलेखकांना ठाऊक आहेच. चिपांची बांधणी आणि चाचणी करणारे कारखाने तुलनेने कमी भांडवलात उभे राहतात, आसामातील जागीरोड आणि गुजरातेतील साणंद ही त्यांची ताजी उदाहरणे. पण तेही लहान नव्हेत. रचना आणि चाचणीचे पॅटर्न घडवणे या कामांना मात्र यांतले काहीच लागत नाही. ती खोली, संगणक आणि माणसे यांवर चालतात, आणि सोलापुरात यांपैकी कशाचीही वानवा नाही.

प्रश्न : मी मंगळवेढा तालुक्यातील असून सोलापुरात पदविका करतो. इंग्रजी जेमतेम आहे. चिपच्या कामाची सॉफ्टवेअरे लाखो रुपयांची असतात असे ऐकले. घरी बसून काही सुरुवात करता येईल का?
— एक विद्यार्थी, विजापूर रोड

करता येते. कंपन्यांत वापरली जाणारी सॉफ्टवेअरे महाग आहेत हे खरे; परंतु व्हेरिलॉग चालवून पाहण्यासाठी आयकॅरस आणि व्हेरिलेटर, आणि लिहिलेल्या रचनेचे गेटांत रूपांतर करण्यासाठी योसिस ही साधने फुकट मिळतात आणि साध्या जुन्या संगणकावर चालतात. रिस्क-फाइव्ह या आज्ञासंचाला, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांच्या यादीला, परवाना शुल्क नाही. वर उल्लेखिलेले शक्ती आणि वेगा त्यावरच उभे आहेत. एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावर आयआयटीच्या प्राध्यापकांची या विषयावरची संपूर्ण व्याख्याने विनाशुल्क ऐकता येतात. इंग्रजीची भीती बाळगू नका. या विषयातले निम्मे लेखन आकृत्यांत असते, आणि उरलेल्यात तेच शे-दीडशे शब्द फिरून फिरून येतात. पदवी झाल्यावर पुण्याच्या सी-डॅकमधील सहा महिन्यांच्या व्हीएलएसआय (चिप-रचना) पदविकेचाही विचार करा. ‘हुतात्मा’ एक्सप्रेसने सकाळी निघून चौकशी करून रात्री घरी परतता येते.

संगणक नसला तरी आजच सुरुवात होऊ शकते. १९८५ सालच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत चाचणीच्या पद्धती तोलून पाहण्यासाठी काही नमुना-मंडले जगभरच्या संशोधकांना देण्यात आली. त्यांतल्या सर्वांत लहान मंडलाचे नाव सी१७. त्यात सगळ्या मिळून १७ रेषा आहेत म्हणून हे नाव. त्यात केवळ सहा नॅन्ड गेट (दोन्ही प्रवेश १ असतील तरच ०, एरवी १ देणारे) आहेत आणि ते तुम्ही वहीत काढू शकता. पाच प्रवेशांना क, ख, ग, घ आणि च म्हणा. पहिल्या गेटाला क आणि ग द्या. दुसऱ्याला ग आणि घ. तिसऱ्याला ख आणि दुसऱ्याचे उत्तर. चौथ्याला दुसऱ्याचे उत्तर आणि च. पाचव्याला पहिल्याचे आणि तिसऱ्याचे उत्तर. सहाव्याला तिसऱ्याचे आणि चौथ्याचे उत्तर. पाचव्या आणि सहाव्या गेटांची उत्तरे तेवढी बाहेर दिसतात. बाकी सगळे झाकलेले आहे असे समजा.

प्रत्येक रेषा ० वर किंवा १ वर अडकू शकते, म्हणजे एकूण ३४ दोष झाले. (एखादी तार दोन गेटांकडे जात असेल तर मूळ तार आणि तिच्या दोन फांद्या अशा तीन रेषा मोजा, नवशिके इथेच चुकतात.) त्यांतले काही दोष बाहेरून एकमेकांपासून ओळखूच येत नाहीत, तसे एकत्र केले की २२ उरतात. कोणते दोष कोणाशी जुळतात हे आधी शोधा. पाच प्रवेशांना देता येतील अशा एकूण ३२ मांडण्या आहेत. त्यांतल्या कमीत कमी किती मांडण्यांत हे २२ही दोष बाहेर दिसतील, ते वहीतच करून पाहा आणि प्रत्येक दोष कोणत्या मांडणीत, कोणत्या गेटाच्या उत्तरावर दिसला याचा तक्ता या सदराच्या पत्त्यावर पाठवा. तक्ता तपासून मी परत पाठवीन; आणि एखादा दोष सुटला असेल, तर तो कोणत्या रेषेवर आहे एवढेच कळवीन, मांडणी तुमची तुम्ही शोधायची.